पाच हजारांत छप्पर

नाशिक, २० सप्टेंबर

चि. सोहम,


तू पाठवलेले तिन्ही तंबूंचे फोटो मोठे करून नीट पाहिले. दसऱ्याच्या सुट्टीत रतनगडावरून निघायचं, कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरायचं, पुढे पाचनईवरून हरिश्चंद्रगड, असा तुझा बेत. बरोबर एक मित्र आणि छपरासाठी पाच हजार रुपये. बेत उत्तम आहे, वाटही सुंदर आहे. तिन्हींपैकी कोणता घेऊ, असं विचारलंस म्हणून आधी तेवढंच सांगते: एकही घेऊ नकोस. कारण सांगायला मात्र जागा लागेल, म्हणून मेसेज न करता पत्रच लिहायला बसले.

तिन्ही तंबूंत एक गोष्ट सारखी आहे. वरचं पाणी अडवणारं कापड फक्त माथ्यावर आहे, कमरेच्या खाली भिंत उघडीच. दुकानात दिवा लावून उभा केलेला असा तंबू फार गोजिरा दिसतो. पण ऑक्टोबरचा परतीचा पाऊस सरळ खाली पडत नाही. दुपारभर तापतं, ढग चढतात, संध्याकाळी वारा सुटतो आणि झड आडवी येते. ती माथ्यावर बसत नाही, भिंतीवर बसते, आणि वारा घटकेत दिशा बदलतो. बाहेरचं कापड चारी बाजूंनी जमिनीपर्यंत येत नसेल तर सह्याद्रीत तो तंबू फक्त दवापुरता, पावसासाठी नाही. शिवाय तिन्हींचं वजन तीन किलोच्या घरात आणि काड्या फायबरग्लासच्या. त्या काड्या उभ्या चिरतात आणि एकदा चिरली की त्या रात्रीपुरतं सगळंच आडवं.

आता ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाकडे ये. चिठ्ठीवर नुसता हा शब्द असेल तर त्याला काही किंमत देऊ नकोस. शब्दाशेजारी आकडा शोध: १५०० मिमी, २००० मिमी, ३००० मिमी. कापड नळीच्या तोंडाशी ताणून बसवतात, वर पाण्याचा स्तंभ चढवत नेतात आणि खालून पाणी पाझरू लागेल तेव्हा स्तंभाची उंची मोजतात. १५०० म्हणजे दीड मीटर उंचीच्या पाण्याचा दाब त्या कापडाने सोसला. छपरासाठी १५०० ते २००० पुरे. छपराला ५००० चा आकडा दाखवून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नकोस.

जमिनीचं गणित निराळं आहे आणि तिथेच बहुतेक जण फसतात. तू तंबूत गुडघा टेकलास. गुडघ्याखालची जागा धर पन्नास चौरस सेंटिमीटर आणि तिच्यावर आला वीस किलोचा भार. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चारशे ग्रॅम. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे दहा मीटर पाणी, तर चारशे ग्रॅमला चार मीटर झालं. ओल्या मातीवर गुडघा टेकताच खालचं पाणी ४००० मिमीच्या जोराने वर येऊ पाहतं. तळ २००० चा असेल तर छप्पर अगदी कोरडं राहूनही तू खालून भिजणार. म्हणून तळासाठी वेगळा, जाड प्लास्टिकचा कागद लागतोच. त्याचं पुढे सांगते.

आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नसतो. हे मी शिवणयंत्रावर बसून सांगते आहे. सुई जिथे जिथे गेली तिथे तिथे भोक आहे. टीप जितकी बारीक तितकी भोकं जास्त. मधोमध जोड असलेलं कापड घेतोस तेव्हा आढ्यावरच भोकांची एक रांग घेऊन जातोस. तेव्हा कापड उलटं कर आणि शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहा. पट्टी हवी आणि तिच्या कडांना नख लावलं तर ती उचलता कामा नये. मग शिवण कशी घातली आहे ते पाहा. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन टिपा मारलेल्या असतील, जीन्सच्या पायाला असतात तशा, तर शिवणाऱ्याला काम कळतं. नुसत्या दोन कडा जुळवून एक टीप मारली असेल तर वाऱ्याच्या पहिल्या झोतात ताण त्या एकाच दोऱ्यावर येतो. कोपरे आणि दोरी बांधायची जागा सगळ्यात शेवटी पाहा, पण जास्त वेळ तिथेच दे. तिथे आतून दुहेरी-तिहेरी ठिगळ असावं आणि टाका आडवा-उभा चौकटीत फिरवलेला असावा.

पट्टी नसेल तर कापड लगेच टाकून देऊ नकोस, शिवण आपण बंद करू शकतो. पण आधी कापडावरचा लेप कोणता ते विचार. पॉलिएस्टरवर बहुधा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, लेप असतो, हलक्या महागड्या नायलॉनवर सिलिकॉनचा. सिलिकॉनला फक्त सिलिकॉनच धरतं. त्याच्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातला पारदर्शक सिलिकॉन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने शिवणीवर ओढायचा, उघड्यावर, आणि एक दिवस वाळू द्यायचं. पीयूवर तो सोलून निघतो, तिथे पीयूचाच सीम सीलर हवा. नायलॉन ओलं झालं की सैलावतं आणि मध्यरात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर तितकं सैलावत नाही, आणि स्वस्तही असतं. तुझ्या पैशांत पॉलिएस्टरच बसतं आणि तेच बरं आहे.

तुझ्या आजोबांच्या वेळच्या कॅनव्हासच्या तंबूला आतून बोट लावलं की तिथून पाणी ठिबकायला लागायचं. सुती धागा ओला होऊन फुगतो, भोकं बुजतात, आणि बोट लागलं की तो अडसर मोडतो. लेप दिलेल्या कापडाला हा नियम लागू नाही. तरी तिथेही आतून हात लावला की हात ओला होतो, आणि मुलं लगेच ‘तंबू गळतो’ म्हणून तक्रार करतात. ते पाणी तुमचंच असतं. झोपेत दोघांच्या उच्छ्वासातून बरीच वाफ बाहेर पडते, गार कापडाला लागून तिचे थेंब होतात. एकेरी, चारी बाजूंनी बंद तंबूत सकाळी झोपण्याची पिशवी दमट लागते ती त्यामुळे. उपाय एकच, हवा खेळती ठेवायची. पावसाच्या भीतीने सगळं घट्ट बंद करून झोपलास तर बाहेरून नाही, आतून भिजशील.

या सगळ्याचा विचार करून माझं मत असं आहे: तीन मीटर बाय तीन मीटरची, पीयू लेपाची, पट्ट्या चिकटवलेली पॉलिएस्टरची ताडपत्री घे. ट्रेकिंगचं सामान विकणारे तिला ‘टार्प’ म्हणतात. वजन सातशे ते नऊशे ग्रॅमच्या दरम्यान. पाच हजारांतले निम्मेसुद्धा तिच्यावर जाऊ नयेत.

ती घराच्या छपरासारखीच बांधायची, मधे आढं आणि दोन बाजूंना दोन पाखी. दोन काठ्या उभ्या केल्या, त्यांच्यावरून आढ्याची दोरी ताणली आणि आढं १.१ मीटरवर ठेवलं तर दोन्ही पाखी जमिनीला टेकून खाली दोन मीटर रुंदी मिळते. लांबी तीन मीटर. तुम्ही पावणेदोन मीटरचे, म्हणजे डोक्याशी आणि पायाशी अर्ध्या मीटरहून जास्त जागा उरते. झड पंचेचाळीस अंशांत आली तर उघड्या तोंडातून १.१ मीटर आत येईल, तेवढं अर्धा मीटर मोकळं पुरणार नाही. म्हणून वाऱ्याकडच्या तोंडाला काठी लावायचीच नाही. त्या बाजूचं आढं सरळ जमिनीवर, दगडाशी बांधायचं. छप्पर वाऱ्याकडे निमुळतं होतं, झोत वरून निघून जातो आणि तुमचे पाय त्या अरुंद बाजूला राहतात. वारा फिरला तर काठी काढून दुसऱ्या तोंडाला लावायची. हे सगळं अंधारात, पावसात, दोघांनी न बोलता करता आलं पाहिजे, म्हणून घरच्या गच्चीवर सराव कर.

एवढ्याशा कापडाने काय होणार, असं तुझ्या आईला वाटेल. तिला एमा गेटवूड या अमेरिकन आजीबाईंची हकीकत सांग. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या एकट्या अॅपलाचियन ट्रेल चालल्या, जॉर्जियापासून मेनपर्यंत तीन हजार किलोमीटरच्या वर. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी होती, पायात कापडी बूट, आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. पण त्या रोज पडद्याखाली झोपल्या नाहीत. वाटेवरच्या लाकडी निवाऱ्यांत झोपल्या, लोकांच्या घरी झोपल्या. जवळ थोडं असलं की माणूस जागा नीट शोधतो, आणि तुझ्यासाठी हे छप्पर निवडताना मला तेच हवं आहे.

टार्प महाग वाटला तर बाजारातली साधी एचडीपीईची ताडपत्री चालेल का? चालेल, पण वजन मोजून घे. दुकानदाराला ‘किती जीएसएम’, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते विचार. ९० जीएसएमची नऊ चौरस मीटर म्हणजे ८१० ग्रॅम, १२० ची म्हणजे एक किलो ऐंशी ग्रॅम. २०० च्या वरची ट्रकवाल्यांना दे. ही ताडपत्री वाऱ्यात रात्रभर फडफडते, घड्यांवर तडकते आणि पितळी-अॅल्युमिनियमच्या कड्या ताण आला की सरळ उपसून निघतात. म्हणून कडीला दोरी बांधूच नकोस. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ताडपत्रीच्या आतून कोपऱ्याशी धर, कापडासकट मुठीत घे आणि गोट्याच्या मानेशी दोरी दोन वेढे देऊन आवळ. असा बांधलेला कोपरा कापड फाटेपर्यंत सुटत नाही, आणि तिथे भोकही पडत नाही.

तळाचा कागद शेतीच्या दुकानात मिळेल. मल्चिंगचा पंचवीस-तीस मायक्रॉनचा असतो, तो पहिल्याच काट्याला फाटतो. शेततळ्याचा पाचशे मायक्रॉनचा, तो अमर असला तरी पाठीवर नेण्याचा नाही. शंभर मायक्रॉनचा साधा पॉलिथीन मीटरवर कापून घे. दोन मीटर बाय १.२ मीटरचा तुकडा सव्वादोनशे ग्रॅमच्या आत बसतो. निवडणुकीचे जुने फ्लेक्स फुकट मिळतात, गावोगाव गवताच्या गंजीवर तेच दिसतात, पण तेवढाच फ्लेक्सचा तुकडा वजनाने तिप्पट भरेल. कागद छपराच्या वळचणीच्या चांगला आत राहिला पाहिजे. चार बोटं जरी बाहेर डोकावला तरी पागोळ्या त्याच्यावर पडतात, पाणी आत वाहतं आणि तुमच्या पाठीखाली तळं साचतं. कडा मात्र वर दुमडून त्यांच्याखाली बूट, बारीक दगड, पाण्याच्या बाटल्या सरकवा, म्हणजे जमिनीवरून येणारा ओघळ बाजूने जाईल.

उघड्या टार्पखाली झोपायचं म्हणजे विंचू, साप, डास यांचा विचार करावाच लागतो. परदेशातले लोक नुसत्या टार्पखाली बिनघोर झोपतात ते त्यांच्या कोरड्या डोंगरांत. आपल्याकडे पावसाळा सरताना दगडांच्या सांदीत विंचू असतात आणि फुरसंही असू शकतं. तेव्हा तळ शिवलेली एक मच्छरदाणी घे. बाजारात न मिळाल्यास साधी पलंगाची आण, मी तिच्या खालच्या काठाला हलकं पीयू कापड वीतभर वर चढवून शिवून देते. अशी मच्छरदाणी आत आणि ताडपत्री वर म्हणजे दुहेरी भिंतीचा तंबूच झाला, हवा खेळती आणि वजन निम्मं. तुझ्या पाच हजारांत सगळ्यात मोलाची वस्तू मला हीच वाटते.

मेखांचं सांगते. दुकानदार तुला अॅल्युमिनियमच्या मेखांचा जुडगा विकेल. सहा घे, जास्त नको. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर बऱ्याच जागी वीतभर मातीखाली काळा कातळ लागतो, मेख वाकते पण रुतत नाही. तिथे दगडच कामाला येतात. नुसत्या मोठ्या दगडाला दोरी गुंडाळली तर दगडाच्या धारेवर घासून ती कापली जाते. त्यापेक्षा मुठीएवढ्या दगडाला दोरीचा फास दे, तो जमिनीवर ठेव आणि त्याच्या पुढे, छपराच्या बाजूला, दोरीवर मोठा धोंडा टेकव. ताण आला की लहान दगड धोंड्याला मागून अडकतो आणि धोंडा त्याला सोडत नाही. मुक्काम हलवताना सगळे दगड होते तिथे परत ठेवायचे. गडावरच्या भिंतीचा, पायरीचा, समाधीचा चिरा कधीही उचलायचा नाही. चर खणायचा नाही. पुरातत्त्वाच्या जागेत तो गुन्हा आहे, आणि जागा नीट निवडली तर चराची गरजच पडत नाही.

गाठी दोनच शीक, पण पक्क्या. एक सरकणारी, दोरी ताणायला आणि ढिली करायला. दुसरी सुरगाठ, टोक ओढताच सुटणारी. ओल्या दोरीला निरगाठ बसली की गारठलेल्या बोटांना ती सुटत नाही, मग चाकू निघतो आणि दुसऱ्या रात्रीला दोरी आखूड पडते.

जागा निवडताना पाण्याच्या नजरेने जमिनीकडे पाहा. खोलगट, हिरवीगार, सपाट जागा मोहात पाडते. ती हिरवी आहे कारण पाणी तिथेच साचतं. किंचित उताराची जागा घे आणि डोकं वरच्या बाजूला ठेव. ओढ्याच्या पात्रात नाही, वाळलेल्या झाडाखाली नाही, कोकणकड्याच्या काठावर तर मुळीच नाही. तिथे वारा खालून वर येतो आणि छपराच्या पोटात शिरतो. वीज चमकायला लागली तर हे सगळं ज्ञान बाजूला ठेवायचं. उघड्या पठारावर कुठलाच तंबू विजेपासून वाचवत नाही. आढ्याच्या काठ्या खाली घालायच्या आणि तसंच पठार सोडून उतरायचं, भिजत का होईना.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. कुठे राहू देतात, कुठे नाही, हे वनखात्याकडे आणि गावात आधी विचारून ठेव. नियम बदलत असतात आणि फोटो पाहून गेलेल्यांना ते माहीत नसतात. कुमशेतला मुक्काम पडला तर गावात विचारून एखाद्या पडवीत झोपा. भाकरीचे आणि झोपण्याचे पैसे न मागता द्या. आषाढ-श्रावणात मात्र या घाटमाथ्यावर तंबू, टार्प काहीच घेऊन जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. घाटघरच्या बाजूचा पाऊस दोन-दोन दिवस थांबत नाही, कापड वाळायला वेळच मिळत नाही. त्या दिवसांत गावात राहायचं, दिवसा चालायचं, एवढंच.

पुढच्या वर्षी हमटा खिंडीला जायचं म्हणतोस, तिथे मी सांगितलेलं हे छप्पर नेऊ नकोस. ती खिंड ४२०० मीटरच्या वर आहे, गारा आणि हिमाचा वारा असतो, चार बाजूंनी बंद होणारा भक्कम घुमटच हवा. पण त्यासाठी आज पैसे अडकवायचं कारण नाही. मनालीत तंबू भाड्याने मिळतात, आणि तिथे दोन-तीन प्रकार वापरून पाहिलेस की स्वतःसाठी कोणता घ्यायचा हे तुझं तुला कळेल. कोणी जुना विकत देत असेल तर आतला लेप बोटाने चोळून पाहा. चिकट लागला, कुबट वास आला, तर लेप कुजायला लागला आहे. फुकट दिला तरी घेऊ नकोस. ओला ठेवला की पीयूचं असंच होतं. म्हणून तुझी ताडपत्री घरी आल्यावर आधी सावलीत वाळवायची, मग सैल घडी घालून कपाटात ठेवायची, तिच्या लहान पिशवीत कोंबून नाही.

आणखी एक, फार स्वस्तातलं. जाड प्लास्टिकची एक मोठी पिशवी सॅकच्या आत घाल आणि झोपण्याची पिशवी व कोरडे कपडे तिच्यात ठेवून तोंड पिळून दुमड. सॅकवरचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने पाणी आत सोडतंच. छप्पर चुकलं तरी कोरडी पिशवी आणि कोरडे मोजे असले तर रात्र निघते. ते नसतील तर उत्तम तंबूतही कुडकुडशील.

कापड घेतल्यावर लगेच घरी तपास. चार टोकं बांधून झोळी कर, खाली वर्तमानपत्र अंथर आणि झोळीत वीतभर पाणी रात्रभर ठेव. वीतभर म्हणजे जेमतेम दोनशे-सव्वादोनशे मिलिमीटर, त्यामुळे १५०० चा दावा यातून पडताळता येणार नाही. पण भोक, सुटलेली पट्टी, कच्ची शिवण असेल तर सकाळी वर्तमानपत्रावर ओल दिसेल. दिसली तर पावती घेऊन त्याच दिवशी परत कर.

पुढच्या शनिवारी इकडे येऊन जा. येताना ताडपत्री आणि मच्छरदाणी आण, तुमची दोघांची उंचीही मोजून ये. पीयूचं कापड माझ्याकडे पडलेलं आहे, विकत घेऊ नकोस. तळ दुपारपर्यंत शिवून होईल, मग गच्चीवर बांधून पाहू, नळीने पाणीही मारू. मित्रालाही घेऊन ये, दोरी दोघांनाही बांधता आली पाहिजे. तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी